मुखरूचं पडणं

मुखरू स्टेजवर आला की नागभीडपासून वडशापर्यंतचं पब्लिक आधीच हसायला लागायचं. तो अजून काही बोललेलाही नसायचा, नुसता धोतराचा सोगा धरून उभा असायचा. झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या, नाटकांत हिरो दरवर्षी बदलतात, हिरॉइनी नागपूरहून येतात आणि जातात, पण कॉमेडीला मुखरू आहे म्हटलं की कंपनीच्या मालकाला रात्री शांत झोप लागते. हा माणूस घरी मात्र विनोदाचं एक अक्षर काढत नसे. दारात पाऊल टाकलं की त्याचा चेहरा तहसील कचेरीतल्या बाबूसारखा व्हायचा. हे काही त्याने हौसेने केलेलं नव्हतं. त्याची मुलगी मयुरी हसली की पडायची.

हसली की पडायची म्हणजे हसून हसून लोळायची असं नव्हे. हसू तोंडावर यायचं आणि त्याच क्षणी अंगातलं सगळं त्राण निघून जायचं. उभी असेल तिथे ती खाली बसकण मारायची आणि मग आडवी व्हायची. थोडा वेळ तशी पडून राहायची. मग काही झालंच नाही अशी उठायची, परकर झटकायची आणि हातातलं काम पुढे चालू करायची. दिवसाही तिला भलत्या वेळी झोप यायची, शाळेत बाकावर, जेवताना ताटावर. पण झोपेला कोण विचारतो? आळशी म्हणून दोन शब्द ऐकवले की झालं.

पहिल्यांदा ती जोरात पडली ती धानाच्या रोवणीत. पाणी भरलेल्या बांधीत बायका वाकून धानाचे पऱ्हे लावत होत्या, तोंडं चालू होती, आणि रोवणीच्या बायकांची तोंडं चालू असली की ऐकणाऱ्याने कानात बोटं घालावीत. कोणीतरी आपल्या नवऱ्याची नक्कल केली. मयुरी हसली आणि चिखलपाण्यात तोंडावर पडली. शेजारच्या सोनीबाईने केस धरून उचललं म्हणून वाचली, नाहीतर घोटाभर पाण्यात पोरगी गेली असती.

मग व्हायचं ते सगळं झालं. नाकाला कांदा लावून झाला, चप्पल हुंगवून झाली, दंडाला ताईत बांधून झाला. डॉक्टरने मिरगी, म्हणजे फिट येण्याचा आजार, सांगितली आणि गोळ्या दिल्या, त्यांनी ती आणखीच झोपाळू झाली. शेवटी मुखरूने आणि शकुबाईने आपल्या अकलेने इलाज काढला. घरात हसायचंच नाही. टीव्हीवर कॉमेडी लागली की चॅनल बदलायचं. शकुबाईची धाकटी बहीण बोलायला मोठी फटकळ, तिला येऊ नको म्हणून कळवलं. मयुरीला रोवणीला धाडायचं नाही, लग्नाच्या वऱ्हाडात न्यायचं नाही, आणि बापाच्या नाटकाला तर मुळीच नाही. पाच हजार माणसांना हसवणाऱ्याच्या घरात हसू हे पथ्य होऊन बसलं. पोरीने ते पथ्य निमूटपणे पाळलं.

आता मुखरूने काय केलं ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

कॉमेडीवाले लोक मोठे लबाड असतात. कोणाचं चालणं उचल, कोणाचं खोकणं उचल, सख्ख्या सासऱ्याच्या मयतीत बसूनही यांची नजर रडणाऱ्यांच्या तोंडाकडे असते. एका दुपारी मुखरू आणि निकेश ओसरीवर बसून नव्या नाटकाचे संवाद घोकत होते. निकेश हा कंपनीतला दुसरा नट, मुखरूसमोर नेहमी त्याचीच भूमिका असायची. शकुबाई वावरात गेली होती. मयुरी चहा घेऊन आली, निकेशने सहज सरपंचाची नक्कल केली, आणि पोरगी हसली. चहा सांडला आणि ती पडली. दोघांनी तिला पोत्यावर सरळ निजवलं. काळजीचं काही नव्हतं, हे नेहमीचंच होतं. आणि मग मुखरू उकिडवा बसून तिच्याकडे बघायला लागला. ते बापाचं बघणं नव्हतं.

"पाह्य निकेश," तो म्हणाला, "आधी गुडघे गेले. मंग जबडा लोंबला. मंग मान. हात सगळ्यात शेवटी. असं पडनं कोन्या ॲक्टरले जमते का?"

"डोये तं उघडे आहेत न जी तिचे."

"उघडे राह्यते. दिसत नाई तिले काई. बेहोस आहे ते."

निकेशने तिचा हात उचलून सोडून पाहिला, किती सैल आहे म्हणून. मुखरूने पुन्हा उचलायला लावला. मग तो स्वतः उठला आणि तिच्या शेजारी, तिच्यासारखाच, धाडकन पडला. जमलं नाही. पुन्हा पडला. जबडा लोंबवून पाहिला. निकेश पोट धरून हसला आणि मुखरूही हसला, कारण घरात कित्येक महिन्यांनी हसायला सापडलं होतं आणि जिने हसू नये ती त्या वेळी बेहोश होती.

त्या सीझनला मुखरूने नाटकात नवरदेवाचा मामा केला. या मामाला खुशी झाली की तो पडतो. हुंड्याचं नाव निघालं, पडला. बायको माहेरी चालली, पडला. पब्लिक वेडं झालं. गावोगाव लोक ओरडायचे, "पड, मुखरू, पड." वन्स मोअरवर वन्स मोअर. मालकाने पोस्टरवर मुखरूचा आडवा पडलेला फोटो छापला. पुढच्या वर्षी नाटक बदललं, मामा तोच राहिला. ते पोस्टर मुखरूने आपल्या गावात लागू दिलं नाही, आणि घरात कोणी काही विचारलं नाही. मयुरीला बेहोशीत काय कळणार, असा त्याचा हिशोब पक्का होता. निकेश घरी आला की ती मागच्या दाराने शेजारी निघून जायची. मुखरूला वाटायचं, वयात आलेली पोर आहे, लाजते.

आणि मग एका सकाळी शेळीचं पोट फुगलं.

मुखरू शेळीला घेऊन सिंदेवाहीला जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टर रश्मी खोब्रागडे मूळच्या धानोऱ्याच्या. आवाज बारीक पण हात असा की उधळलेला गोऱ्हाही मुकाट्याने उभा राहावा. शेळीला तेल पाजून, नळी घालून त्यांनी गॅस काढला आणि म्हणाल्या, "बसा भाऊ थोडा वेळ. लगेच नेऊ नका."

मुखरू व्हरांड्यात बसला. तिथे एक उंच काळा कुत्रा बांधलेला होता, कोण्या ठेकेदाराच्या बंगल्यावर राखणीला असावा असा. होताही तसाच. त्याचं नाव टायगर. वाघांच्या जिल्ह्यात कुत्र्याचं नाव टायगर ठेवायला छाती लागते, ती ठेकेदाराला होती, कुत्र्याला नव्हती. मॅडमनी डबा उघडून उकडलेलं अंडं काढलं. टायगर शेपूट हलवत उठला, अंड्याकडे पाहिलं, आणि त्याची मागची तंगडी वाकली. मग पुढची. मग मान खाली आली आणि तो आडवा झाला.

मुखरू जागचा उठला. त्याने हे पडणं पाहिलं होतं, केलं होतं, त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. जगात दुसरं कोणी असं पडत असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मिरगी आहे का याले?" त्याने विचारलं.

"ठेकेदारालाही तसंच वाटलं. राखणीचा कुत्रा मालकाला पाहून पडतो म्हटल्यावर त्याने इथी आणून सोडला, सुई देऊन मारून टाका म्हणे. मी ठेवून घेतला. मिरगी नाही ही. याचा आजार झोपेचा आहे."

"झोपला का मंग तो?"

"तीच तर गंमत आहे. पाहा." मॅडमनी अंडं टायगरच्या तोंडासमोरून हळूच एका बाजूला नेलं. कुत्र्याचं अंग ओल्या पोत्यासारखं पडलेलं होतं, एक मिशी हलत नव्हती. पण डोळे अंड्याबरोबर फिरले. अंडं परत या बाजूला आणलं. डोळे परत आले.

मुखरू टायगरपाशी उकिडवा बसला.

"मेंदू जिथे मानेत उतरतो नं भाऊ, तिथे त्याचा देठ असतो," मॅडम सांगू लागल्या. त्यांना ऐकणारं कोणी मिळालं की बरं वाटायचं, जनावरं घेऊन येणाऱ्यांना सहसा घाई असते. "त्या देठात थोड्याशा पेशी आहेत. आपण जागे असलो की त्या सारख्या काम करत राहतात. झोप लागली की मंद होतात, आणि स्वप्न पडायला लागलं की पार गप्प. त्या गप्प झाल्या की अंगातला जोर जातो. म्हणून तर स्वप्नात वाघ मागे लागला तरी आपण खाटेवरून उठून पळत सुटत नाही. तुमच्यात, माझ्यात, या शेळीतही तसंच. टायगरच्या त्या पेशी जागेपणीच गप्प होतात. खुशी झाली की होतात. अशा कुत्र्यांच्या डोक्यात बारीक तारा घालून शास्त्रज्ञांनी हे मोजलं आहे. आणि जागं ठेवणाऱ्या दुसऱ्या पेशी आहेत, त्या त्या वेळी चालूच असतात."

"म्हनजे..."

"म्हणजे अंग झोपलं, कुत्रा जागा. त्याला दिसते, ऐकू येते, सगळं कळते. फक्त हलता येत नाही."

"मानसाले होते का हे?"

"होते. हसल्यावर पडतात अशी माणसं." मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "काऊन? घरी कोणी आहे का?"

मुखरूने सांगितलं. पडण्याचं सांगितलं, नाटकाचं नाही. मॅडमनी कागदावर नागपूरच्या एका मेंदूच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं. "मी जनावरांची डॉक्टर, माझ्या बोलण्यावर जाऊ नका. पण न्या तिला. आणि भाऊ, ती पडली की तिच्याशी बोलत जा. भेव वाटते हो असं पडून राहायला."

घरी येताना शेळी पुढे आणि मुखरू मागे. त्याला आठवत होतं ते निकेशने उचलून सोडलेलं मनगट. तेव्हा तिचे डोळे आपल्याकडेच होते. बेहोश माणसाचे डोळे समजून त्याने ते पाहिलेच नव्हते. तो किती वेळा पडला होता तिच्या शेजारी? आणि नंतर काय बोलला होता? "या पडन्यावर दोन सीझन निघतात निकेश," असंच काहीतरी. मुखरूला स्वतःची लाज वाटली. लाज ही चीज त्याच्या धंद्यात कोणी बाळगत नाही, त्यामुळे तिचं काय करायचं हेही त्याला कळेना.

सरळ घरी जाऊन पोरीला विचारायचं, की बाई, तू तेव्हा जागी होतीस का? पण तेवढं त्याला जमलं नाही. हजारो लोकांसमोर पदरचे संवाद फेकणारा माणूस, पण पोरीसमोर त्याची दातखीळ बसली. विचारलं नाही तोवर कदाचित ती नसेलही जागी, या कदाचितला तो चिकटून राहिला.

नागपूरच्या डॉक्टरने मयुरीला एक रात्र ठेवून घेतलं, डोक्याला तारा लावून झोप तपासली आणि टायगरचंच निदान केलं. शब्द तेवढे लांब वापरले. नव्या गोळ्या दिल्या. "बऱ्या वाटल्या तरी मनाने बंद करू नका," त्यांनी बजावून सांगितलं. "एकाएकी सोडल्या तर पडणं पहिल्यापेक्षा वाढेल. साध्या हसण्यानेही पडाल."

गोळ्या लागू पडल्या. महिन्याभरात पोरगी उभ्या उभ्या हसायला लागली. आधी घाबरत, एक हात भिंतीला टेकून. शकुबाईने बहिणीला बोलावून घेतलं आणि दोघी बहिणींनी चुलीपाशी असा काही दंगा घातला की शेजारी डोकावून गेले. घराला हसण्याची सवय व्हायला लागली. सवय झाली नाही ती मुखरूला. मयुरी कुठे हसली की तो कान टवकारायचा, आणि त्याच्या लक्षात यायचं की ती मावशीच्या बोलण्याला हसते, टीव्हीला हसते, शेळीच्या करडाला हसते. आपल्या बोलण्याला ती हसत नाही. त्याने घरात एकदोनदा कॉमेडी करून पाहिली. ती "हो बाबा" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

त्या वर्षीची रंगीत तालीम मुखरूच्याच गावात करायची ठरली. सीझनआधी एकदा कपडे, पेटी, तबल्यासह सगळं नाटक करून पाहायचं, आणि ज्या गावात करायचं त्या गावाने कलावंतांना जेवण द्यायचं, अशी कंपनीची रीत. शाळेच्या पटांगणावर, भर दुपारी, तिकीट नाही. मुखरूच्या मनात आलं, मामाचं पात्र गाळून टाकावं. मालक म्हणाला, मग तुझंच नाव कंपनीतून गाळतो. पण खरं कारण मालक नव्हता. मुखरूलाच ते दाखवायचं होतं. रात्ररात्र पडून त्याने एक मनाशी धरलं होतं. मयुरी नाटक पाहील. मामा पडेल. सगळं गाव हसेल आणि त्यांच्यात ती हसेल. ती हसली की झालं. मग विचारायचं नको, माफी मागायचं नको, तिला कळलं होतं की नव्हतं याला काही अर्थच उरणार नाही. ती हसली की मी सुटलो.

"येतं का तालमीले?" त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"येतो न," मयुरी म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता, हे शकुबाईनेही पाहिलं.

तालमीला सगळं गाव लोटलं. मयुरी पहिल्या रांगेत चटईवर बसली, शकुबाई तिच्या अंगाला अंग लावून. गोळ्या असल्या तरी आईचा जीव, तिने एक हात पोरीच्या पाठीमागे तयार ठेवला होता. मुखरूने पडद्याच्या फटीतून हे पाहिलं. गोळ्यांमुळे ती पडणार नाही, पण हसू तर दिसेल, त्याने मनात म्हटलं.

त्या दिवशी मुखरू जसा खेळला तसा तो आधी कधी खेळला नव्हता, हे निकेश आजही सांगतो. एन्ट्रीलाच हशा. हुंड्याचं नाव निघालं आणि मामाचे गुडघे गेले, जबडा लोंबला, मान गेली, हात शेवटी. पटांगण फुटलं. म्हातारे दगडांवर बसल्या बसल्या डोळे पुसत होते. "पड, मुखरू, पड," पोरं ओरडायला लागली. तो उठला, बायकोचं माहेरी जाणं ऐकलं आणि पुन्हा पडला. तोंड पब्लिककडे ठेवूनच तो पडला होता, मुद्दाम. पडल्या पडल्या उघड्या डोळ्यांनी त्याने पहिली रांग शोधली.

शकुबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. तिने नवऱ्याचं हे काम आजच पाहिलं होतं आणि ते कुठून आलं हा विचार तिला शिवलाही नव्हता. तिच्या शेजारी मयुरी ताठ बसली होती. मांडीवर हात, नजर सरळ त्याच्यावर. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी ओळखीची वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तशी ती बघत होती. वन्स मोअर आला. मुखरू तिसऱ्यांदा पडला, चौथ्यांदा पडला. निकेशने त्याचा हात उचलून सोडला, तसंच बसवलेलं होतं. गाव खदखदलं. मयुरीच्या ओठाची कडही हलली नाही.

तालीम संपली. लोक पाठीवर थापा मारून गेले. मुखरू तोंडाच्या रंगासकट पटांगणात आला. शकुबाई सोनीबाईशी बोलत पुढे निघाली होती आणि मयुरी चटई झटकत होती.

"गोळी चांगली लागू आहे तुले," तो म्हणाला. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाला. "एवढा तमाशा झाला, पन हालली नाई तू."

"गोळी नाई घेतली मी आज," मयुरी म्हणाली. "काल पन नाई घेतली."

"काऊन? डॉक्टर काय म्हनला होता? साध्या हसन्यानं पडशीन म्हनला होता नं?"

"म्हनूनच नाई घेतली." ती चटईची गुंडाळी करत होती, खाली बघून. "तुमचं नाटक पाह्यलं नोतं न कधी. म्हटलं, हसू आलं तं पूरं येऊ द्याव. पडली तं पडली, आई होतीच धराले."

मुखरूने चटईचं टोक धरायला हात पुढे केला.

"मले वाटे, येईन हसू," ती म्हणाली. "लय वाट पाह्यली मी, बाबा."

तिने गुंडाळी बगलेत मारली आणि आईच्या मागे घराकडे निघाली. मुखरू तोंडाचा रंग काढायला स्टेजमागे परत गेला. ज्या कदाचितला तो इतके दिवस चिकटून राहिला होता, ते आता उरलं नव्हतं.